अक्षय ऊर्जेच्या यादीतून कांताबाईचं नाव कमी करण्याबाबत

प्रति,
मा. ऊर्जाबचत अधिकारी साहेब,
सरकारी वीज कंपनी, अक्षय ऊर्जा कक्ष,
विभागीय कार्यालय, पहिला माळा,
जि. यवतमाळ.

अर्जदार : उकंडा दौलत मुनेश्वर, वय ५४, धंदा पिठाची चक्की (सध्या बंद), मु. कवठझरा, पो. बोरी अरब, ता. दारव्हा.

विषय : मौजे कवठझरा येथील अक्षय ऊर्जा स्रोत क्रमांक ४, म्हंजे अर्जदाराची बायको, यादीतून कमी करून तिच्या जागी डीपी देण्याबाबत.

संदर्भ : १) डीपी जळाल्याबाबत अर्जदाराचे याआधीचे अर्ज, एकूण पाच.
२) आपल्या कार्यालयाचं पत्र, ज्यात "आपल्या गावाची गरज अक्षय स्रोतातून भागत आहे" असं लिहिलं आहे ते.
३) आपल्या कार्यालयाच्या भिंतीवरचं कॅलेंडर, पान मे महिना.

महोदय,

सविनय जयभीम. अर्जदाराचे दोन्ही हात शाबूत आहेत, म्हणून तो दोन्ही हात जोडून लिहून राह्यला. घरातल्या दुसऱ्या माणसाचा जोडाले एकच हात उरला, त्याची हकीकत खाली देली आहे. साहेब आपण या टेबलावर नवीन आलात, आधीचे साहेब बदलून गेले, तवा यात आपला दोष काहीच नाही. दोष नाही म्हणूनच आपल्याले लिहाले हिंमत झाली.

१) मागच्या साली, म्हंजे २००६ च्या पोळ्याच्या करीले, बैलं अजून रंगलेलेच होते, अन गावाचा डीपी जळाला. डीपी म्हंजे गावाच्या तोंडाशी दोन खांबांवर बसलेला तो तेलाचा डबा, ज्याच्यातून साऱ्या गावाची लाईन निघते. साहेबाले हे माहीत आहे, पण आपल्या आधीच्या साहेबाले तो शेवटपर्यंत दिसला नाही, म्हणून लिहून ठेवलं. डबा ढम्मकन वाजला, काळा धूर निघाला, अन दहा एच.पी.च्या मोटरवर फिरणारी अर्जदाराची चक्की अर्ध्या पायलीवर थांबली. त्या अर्ध्या पायलीचं पीठ एकीकडून बारीक अन एकीकडून भरड असं आलं. तांड्यावरच्या मानीबाईची ज्वारी होती ते. मानीबाई अजून बोलून दाखवते.

२) अर्जदारानं दुसऱ्याच दिवशी अर्ज देला. मंग दुसरा देला. सांगाले आलं की "यादीत नंबर लागला आहे." तवा ज्याइच्याकडे सायकल होती ते बोरी अरबले दळाले जाऊन राह्यले. पण दोन कोस डोक्यावर पोतं घेऊन म्हातारं माणूस कसं जाईन? मानीबाई दोन दिवस कण्या शिजवून खात होती, हे कांताबाईच्या कानावर आलं. कांताबाईनं न्हाणीतून जातं उचललं.

या ठिकाणी जात्याची गोठ सांगणं भाग आहे, नाहीतर साहेब म्हणतीन, एवढं काय झालं दळलं तं. अर्जदाराची माय या जात्यावर साऱ्या गावाचं दळत होती. मरते वेळी तिच्या तळहाताले रेघाच नव्हत्या, घासून गेल्या होत्या. एक ज्योतिषी एकदा ओसरीत आला, तिचा हात पाह्यला अन म्हणे, "माय, तुले नशीबच दिसत नाही." माय म्हणे, "होतं बापा, पिठात गेलं." तवा अर्जदारानं लग्नात कांताबाईले सोनं-नाणं काही कबूल केलं नाही, कबूल कराले होतंही नाही. एकच कबूल केलं की तुले जातं ओढू देणार नाही. पुसदच्या एका सेठानं भंगारात काढलेली चक्की अर्जदारानं बैलबंडीत आणली, बसवली, अन ज्या दिवशी पट्टा फिरला त्या दिवशी कांताबाईनं जातं उलटं करून न्हाणीत टाकलं. म्हणे, "आता याच्यावर पाय घासीन." तेरा वर्षं घासले. टाच कशी गुळगुळीत होती.

तेच उलटं जातं तिनं सुलटं केलं. अर्जदार चिडला. म्हणे, "माया शब्दाचं काय?" ते म्हणे, "तुमचा शब्द डीपीवर होता, डीपी जळाला. चक्की बंद पडली, कांताबाई बंद नाही पडली." अन बसली दळाले. पह्यले मानीबाईचं, मंग माजी सरपंचाच्या सालदाराच्या म्हातारीचं, मंग दहा घरचं, मंग वीस घरचं.

३) आता कमिटीचं.

साहेब, दोन-तीन सालांपासून कापसाचं जे झालं ते दुनियेले माहीत आहे, अर्जदार ते गाणं इथे गात नाही. पण त्या गाण्यापायी आमच्या गावात कमिट्या येऊन राह्यल्या. दिल्लीच्या आल्या, मुंबईच्या आल्या, एक तं पांढऱ्या चामडीचीही येऊन गेली, ते फक्त पाणी पिऊन गेली, तेही सोबत आणलेलं. गावाले आता त्याची सवय पडली. धुरळा दिसला की खुर्च्या सदाशिवरावच्या, चहा इंदूबाईचा, अन दुःख ज्याचं त्याचं. सदाशिवराव गावंडे आमचे माजी सरपंच, इंदूबाई त्याइची मंडळी. माणूस देव आहे, पण पाहुण्याच्या पुढे पाघळते. त्याइनं पाळ्याच लावून देल्या होत्या. पह्यल्या कमिटीले बोंडअळीनं खाल्लेली पऱ्हाटी दाखवाची, दुसरीले खंगलेला बैल, तिसरीले गळकं घर. तोच बैल चार कमिट्याइनं पाह्यला. चौथ्यावेळी तो जीपचा आवाज आला की आपसूक मान टाकत होता.

कमिटी कोणती अन कायची, हे इचारणं गावानं सोडून देलतं. घरी आलेल्या पाहुण्याले "कायले आले?" असं म्हणणं आमच्याकडे शोभत नाही. अन आलेल्या पाहुण्याले आपलं सर्वांत वाईट ते दाखवाचं, हे आता गावाच्या अंगवळणी पडलं होतं.

दिवाळीनंतर एक जीप आली. तीन साहेब उतरले, त्यात एक टोपीवाला, गळ्यात कॅमेरा. सदाशिवराव अर्जदाराले म्हणे, "उकंड्या, बैल आता लोकाइले माहीत झाला. आज तुयी पाळी. कांताले सांग, जातं मांड म्हणा." कांताबाई म्हणे, "मांडाले कायले लागते काका? ते तं मांडेलच आहे. त्याइले म्हणा, वाकून या, चौकट लागते डोक्याले."

टोपीवाले साहेब वाकून आले, अन उकिडवेच बसले. कांताबाई डोक्यापासून पायापर्यंत पिठानं पांढरी. साहेबानं तिचा दळताना फोटो काढला, अन त्याचे डोळे भरून आले. अर्जदाराले वाटलं, चला, याले काळीज आहे. साहेब म्हणे, "किती युनिट लागतात याला?"

सदाशिवराव हात चोळत म्हणे, "झिरो साहेब. काय सांगू. साऱ्या गावाचंच झिरो आहे."

"पंखा?"

"फिरत नाही साहेब."

"टीव्ही?"

"पोट्टे तोंड पाहतात त्याच्यात."

इंदूबाईनं आपला फ्रिज उघडून दाखवला. त्यात तुरीचं बियाणं होतं, उंदीर शिरत नाही म्हणून. साहेबानं फोटो काढला. म्हणे, "वा! उपकरणाचा पर्यायी वापर!" अन लिहून घेतलं. आम्ही जेवढं रडून राह्यलो होतो, तेवढा टोपीवाला खुलून राह्यला होता. अर्जदाराच्या मनात तवाच पाल चुकचुकली. त्यानं सदाशिवरावचा सदरा ओढला, "राव, हा हसून काहून राह्यला?" सदाशिवराव म्हणे, "चूप रे बह्याड. हसून राह्यला म्हंजे काहीतरी मोठं देते."

शेवटी इंग्रजी कागद निघाला. पाहुण्यानं पुढे केलेला कागद मागे कसा साराचा? सदाशिवरावनं सही केली, त्याच्या खाली साऱ्या गावानं. कांताबाईनंही केली. तिनं साक्षरतेच्या वर्गात सही शिकली, तवापासून ते सही कराचा मोका सोडत नाही. डीपीचं कोणी बोललंच नाही असं नाही. अर्जदार बोलला. टोपीवाले साहेब म्हणे, "ते खातं वेगळं."

मागाहून कळलं ते असं. ही कमिटी कापसाची नव्हतीच. ही आपल्या कंपनीची, कोणतं गाव जास्त वीज वाचवते ते पाहाले आलती. अन कागदावर असं होतं की हे गाव पुढची तीन वर्षं विजेचा वापर आहे त्याच पातळीवर ठेवीन, म्हंजे झिरोवर.

४) संक्रांतीच्या पुढच्या हप्त्यात गावाले पह्यला नंबर भेटला. मांडव पडला. आधीचे साहेब स्वतः आले. माईक अन पंखे जनरेटरवर चालले, डिझेलचा वास जेवणाच्या वरणाले लागला. वीज वाचवण्यावर पाऊण घंटा भाषण झालं. गावाले बक्षीस म्हणून एक मोठा बोर्ड भेटला, 'आदर्श ऊर्जाबचत ग्राम', आतून पेटणारा. जनरेटरवर पेटला, टाळ्या पडल्या. जनरेटर गाडीत गेला अन बोर्ड विझला. तो आजपर्यंत विझलेलाच आहे. लोक उजेडात वाचतात.

कांताबाईले साडी-चोळी अन शाल. अर्जदार तवा उठला होता, आता सांगतोच म्हणून. कांताबाईनं शालीतूनच हात हलवला, "खाली बसा. लोकाचं पाहुणपण आहे, जेवू द्या त्याइले." अर्जदार बसला. या साऱ्या प्रकरणात अर्जदाराची चूक कोणती म्हणाल तं एवढीच, की तो बसला.

५) मंग पत्र आलं, संदर्भ दोनचं. अर्जदारानं लाईनमन भीमसिंगले गाठलं. भीमसिंग तांड्यावरचाच, भला माणूस, डीपी जळाला तवा स्वतःच्या भोवया जाळून घेणारा. तो म्हणे, "उकंडाभाऊ, तुमचा डीपी कंप्युटरात जळालाच नाही. कंप्युटर म्हंते, या गावानं वीज सोडली. यादी लागली आहे तुमच्या गावाची. एक ऊन, दोन वारा, तीन शेण, चार कांताबाई."

अर्जदार म्हणे, "चार काय?"

"कांताबाई. मानवी ऊर्जा, अक्षय. म्हंजे संपत नाही ते. तुमच्यासाठी डीपी गाडीत चढला होता भाऊ, माया डोळ्यानं पाह्यला. पण तो बाजूच्या गावाले गेला. तठी आकडे टाकून टाकून दोन जळाले, म्हणून त्याइले तिसरा देला. ज्याची गरज दिसते त्याले भेटते."

अर्जदार घरी आला अन कांताबाईले सांगितलं की तू सरकारी यादीत लागली, शेणाच्या खाली. ते जातं ओढता ओढता म्हणे, "शेण निदान वाळू देतात."

६) एप्रिलात आपल्या कार्यालयातून एक जण घड्याळ घेऊन आला. त्यानं कांताबाईचे मिनिटाले किती फेरे होतात ते मोजले. ज्वारीचे वेगळे, गव्हाचे वेगळे. वहीत 'कार्यक्षमता' असं लिहिलं. खुंट्याले तेल द्या, दर पंधरा मिनिटानं हात बदला, दळताना बोलू नका, बोलण्यात ऊर्जा जाते, अशा सूचना देल्या. मंग त्यानं इचारलं की हा स्रोत आणखी किती वर्षं चालेल? कांताबाई म्हणे, "लगन झालं तवापासून चालूच आहे बापा. वॉरंटीचा कागद माहेरी राह्यला." त्यानं तेही लिहून घेतलं. जाताना इचारलं की बाजूच्या दोन गावाइचं दळण इथे आणता येईल का, म्हंजे क्षमतावाढ होईन.

मंग मे महिन्यात नोटीस आली. "स्रोत क्र. ४ चे उत्पादन एप्रिलच्या तुलनेत घटल्याचे दिसते. सात दिवसांत खुलासा करावा." खुलासा पुढील कलमात.

७) खुलासा. स्रोताचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. बोटाइले मुंग्या येतात, मंग बोटं आहेत का नाही हेच कळत नाही. यवतमाळच्या हाडाच्या डॉक्टरनं फोटो काढून पाह्यला. तो कांताबाईले म्हणे, "काय ओढता तुम्ही?" ते म्हणे, "साऱ्या गावाले." डॉक्टरनं लिहून देलं आहे की हा हात आणखी दोन महिने असाच चालवला तं मंग तो चालवाले राहणार नाही. कागद सोबत जोडला आहे.

हातानं काय काय होत नाही ते डॉक्टरनं लिहिलं नाही, म्हणून अर्जदार लिहून देतो. तिले डोक्यावरून पदर घेता येत नाही. ताटात भाकर मोडता येत नाही. वेणी घालता येत नाही. रोज सकाळी ओसरीत बसून अर्जदार तिची वेणी घालून राह्यला. चोपन्न वर्षाच्या माणसानं आजपर्यंत फक्त दोर वळला होता, तवा वेणी दोरासारखीच येते. बायका विहिरीवर जाता जाता थांबतात अन हसतात. कांताबाईही हसते. म्हणे, "कॅलेंडरात असा फोटो काढाले पाह्यजे होता." (कॅलेंडरचं पुढच्या कलमात.) हसता हसता तिचं तोंड वाकडं होते, ते हसण्यानं नाही, खांद्यानं.

अन तरीही, साहेब, अर्जदार बाहेर गेला की ते डाव्या हातानं दळते. मानीबाईची ज्वारी वाट पाहते म्हणे. अर्जदारानं जात्याचा खुंटा लपवून ठेवला तं तिनं उखळातलं लाकूड छिद्रात घातलं.

८) म्हणून २१ मे रोजी अर्जदार स्वतः आपल्या कार्यालयात आला. दुपारचे बारा होते, बाहेर डांबर वितळून राह्यलं होतं. आत सहा ट्यूबलाईट चालू होत्या, काहून की तिन्ही खिडक्याइच्या पुढे कपाटं लागली आहेत. त्या कपाटाइत वीजबचतीची पत्रकं आहेत. समोर भिंतीवर कॅलेंडर, मे महिना, अन त्याच्यावर अर्जदाराची बायको. खाली लिहिलं, 'अक्षय ऊर्जा : कधी न संपणारी'. फोटोवर बरोबर ट्यूबलाईटचा उजेड पडत होता, भर दुपारी. अर्जदार पाहतच राह्यला. फोटोत तिचा हात कसा वर होता.

आवक-जावकच्या वैष्णवी मॅडम चांगल्या. पाणी देलं, बसवलं. म्हणे, "काका, पुरस्कार परत घ्यायचा नमुनाच नाही आपल्याकडं. यादीतून नाव कमी करायचा आहे, पण तो फक्त स्रोत कायमचा संपल्यावर. त्याचा दाखला जोडावा लागतो."

अर्जदार म्हणे, "बाई, माणसाचा संपल्याचा दाखला ग्रामपंचायतीत भेटते. त्याले काय म्हणतात माहीत आहे का?"

मॅडमच्या ध्यानात आलं. त्याइनं चहा सांगितला. साहेब, अर्जदाराले तो दाखला आणाचा नाही. तो दाखला न आणता नाव कमी व्हावं, एवढ्याचपायी हा अर्ज आहे.

९) साहेबाले असं वाटू नये की अर्जदार वीज वाचवण्याच्या विरोधात आहे. जो माणूस पिठाचा कण वाया जाऊ देत नाही, तो वीज कायले वाया जाऊ देईन? चक्कीवर बसून माणसाले इचार कराले लय वेळ भेटते, बंद चक्कीवर त्याहून जास्त. तवा कंपनीनं वीज कशी वाचवाची अन नवी कोठून आणाची, हे अर्जदाराले सुचलं तसं सांगते. पटलं तं घ्या, नाही पटलं तं कपाटात ठेवा.

बोरी अरबवरून आमच्या गावाले येणारी तार पह्यले पाहा. बाभळीइच्या फांद्याइत लोंबते, हवा आली की ठिणग्या झडतात. जेवढी वीज निघते तेवढी गावात पोचतच नव्हती, अर्धी बाभळीच खात होत्या. भीमसिंगले एक माणूस अन एक कुऱ्हाड द्या, फांद्या छाटून देईन, जोड आवळून देईन. यात जेवढी वाचते तेवढी कांताबाईच्या सात जन्मात वाचत नाही.

अर्जदाराची मोटर जुनी, दहाची. ते खाते हत्तीसारखी अन दळते शेळीसारखी. आता साडेसातच्या नव्या मोटरी आल्या, तेवढंच पीठ काढतात. कंपनीनं अशा जुन्या मोटरी बदलून द्याची योजना काढली तं पह्यला अर्ज याच हाताचा येईन.

शाळेच्या कवलाइवर दिवसभर ऊन पडते, ते कोणी वापरत नाही. तठी सूर्याच्या पाट्या लावा. चक्की दिवसाच चालते, ऊनही दिवसाच असते, सोयरिक जुळते. अन पऱ्हाटी. दर उन्हाळ्यात साऱ्या जिल्ह्यात पऱ्हाटी वावरातच पेटवून देतात, आभाळ काळं होते. म्हणतात, तिच्यावर वीज निघते, कुठंतरी निघते म्हणे. आमच्या इकडे कापसानं दुसरं काही देलं नाही, निदान त्याच्या काड्याइनं दिवा लावून द्यावा. हे झालं ऊन अन काडी. हे दोन्ही दरसाल नवे येतात. याइले अक्षय म्हणा, आमची हरकत नाही.

अन सर्वांत सोपी गोठ म्हंजे आपल्या कार्यालयातली तिन्ही कपाटं भिंतीकडे सरकवा. अर्जदार स्वतः येऊन सरकवून देईन, दोन्ही हात शाबूत आहेत.

१०) तरी साहेबानं कृपाळू होऊन पुढीलप्रमाणे करावं. स्रोत क्रमांक ४ यादीतून काढावा. त्या जागी पाह्यजे तं अर्जदाराचं नाव टाकावं, तो तेवढा अक्षय नाही पण ओढून पाहीन. त्याचा फोटो कॅलेंडरावर चांगला येणार नाही, हे आधीच कळवून ठेवतो. गावानं केलेला करार, जो गावाले वाचता आला नाही, तो रद्द करावा. अन डीपी द्यावा. नवा नाही तं जुना द्या, पण आतून जिता द्या.

अर्ज तातडीचा आहे, काहून की आज २८ तारीख. चार दिवसानं कॅलेंडरचं पान पलटते. जून महिन्यात वाऱ्याच्या चक्कीचा फोटो आहे, मॅडमनं दाखवला. एकदा का पान पलटलं की मंग कांताबाई कोणाले आठवते? भिंतीवर दिसते तोवरच काही करा. घरात ते आम्हाले रोज दिसते.

कळावे. चक्की जागच्या जागी आहे, पट्टा घासून-पुसून ठेवला आहे. आपल्या एका बटणाची वाट पाहणारा,

उकंडा दौलत मुनेश्वर
(सही)
कवठझरा, दि. २८ मे २००७

साक्ष :
१. सदाशिवराव गावंडे, माजी सरपंच. या खेपेले त्याइनं कागद वाचून सही केली, दोनदा वाचला.
२. कांताबाई उकंडा मुनेश्वर. तिनं सही कराले पेन धरला होता, पण बोटात राह्यला नाही. म्हणून अंगठा. तिले सही येते, हे नोंद करून घ्यावं.

सोबत जोडलेले कागद व वस्तू :
१. हाडाच्या डॉक्टरचा कागद.
२. आपल्या कार्यालयाची नोटीस, पत्र व यादी.
३. शाल. एकदाच पांघरली.
४. बोर्ड जोडता आला नाही. त्याच्या मागे चिमणीनं अंडी घातली आहेत. पिलं उडाली की जमा करतो.
५. जातं, वरचा अन खालचा दोन्ही दगड, खुंट्यासह. भीमसिंग अन अर्जदार दोघाइनं पहिल्या माळ्यावर चढवून साहेबाच्या टेबलाच्या उजव्या अंगाले मांडलं आहे. घरी ठेवलं तं कांताबाई दळते, म्हणून इथे. डीपी लागल्यावरच परत पाठवावं, न्हाणीतली जागा रिकामी ठेवली आहे.
६. ज्वारी, एक पायली, निवडलेली. मानीबाईची आहे. साहेबानं वेळ काढून स्वतः दळून पाहावी. पीठ भीमसिंगजवळ द्यावं, म्हातारी वाट पाहून राह्यली. हात दुखला तं अर्ज करावा.